गाळ, धागा, साखर : फिरत्या बास्केटची ओळख

पावसाळ्यात काळू नदीचे पाणी तांबडे होते. टिटवाळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या अशा पाण्यात डोंगरउतारावरून वाहून आलेली माती असते, कुजलेला पाला असतो आणि नुसत्या डोळ्यांना कण म्हणून दिसणारही नाही इतकी बारीक चिकणमाती असते. गढूळ पाणी पिण्याजोगे करण्याची रीत जगभर जवळपास एकच आहे. तुरटी किंवा तिच्या जातीचे रसायन मिसळायचे, कण एकमेकांना बिलगून जड होईपर्यंत पाणी सावकाश ढवळायचे, मग दोन-तीन तास हौदात निवळू द्यायचे आणि शेवटी वाळूच्या थरातून गाळून घ्यायचे. यातले खरे काम गुरुत्वाकर्षण करते. त्याचे वीजबिल येत नाही. पण त्याला घाईही नसते.

ती किती नसते, हे मोजता येते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्या आकाराचा मातीचा सुटा कण स्थिर पाण्यात दिवसभरात जेमतेम आठ सेंटिमीटर खाली उतरतो. मीटरभर खोल भांड्याचा तळ गाठायला त्याला सुमारे तेरा दिवस लागतील. कण दहापट मोठा असेल तर तेच अंतर तो तीन तासांत कापतो, कारण खाली बसण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडलेल्या सूत्रात हा सगळा हिशेब आहे. कण मोठा असेल, कण आणि द्रव यांच्या घनतेत फरक जास्त असेल, द्रव पातळ असेल, तर गाळ लवकर बसतो. तुरटी यांपैकी पहिली गोष्ट साधते, ती कण मोठे करते.

औषधाच्या कारखान्यात मात्र तुरटी चालत नाही. पॅरासिटामॉलचे स्फटिक द्रवातून वेगळे करताना त्यात परकी वस्तू मिसळायची सोय नसते. द्रव ठरलेला असतो, घनता ठरलेली असते आणि पुढची बॅच रिअ‍ॅक्टरमध्ये वाट बघत असते. मग सूत्रात हात घालायला एकच जागा उरते : खुद्द गुरुत्वाकर्षण. ते वाढवता येत नाही, पण त्याच्यासारखीच ओढ निर्माण करता येते. द्रवाला वेगाने गोल फिरवले की झाले.

एसटी कसाऱ्याच्या घाटात वळण घेते तेव्हा प्रवासी बाहेरच्या बाजूला रेलतात. त्यांना कुणी ढकललेले नसते. गाडी वळलेली असते आणि त्यांचे शरीर सरळ जायला बघत असते. फिरत्या भांड्यातला प्रत्येक थेंब आणि प्रत्येक कण असाच क्षणोक्षणी सरळ जायला बघतो आणि भांड्याची भिंत त्याला क्षणोक्षणी वळवते. द्रवापेक्षा जड कण भिंतीशी जाऊन बसतात. भिंतीला भोके ठेवली आणि आतून कापड लावले तर द्रव पार होतो आणि घन पदार्थ कापडावर राहतो. सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्राचे मूळ तत्त्व एवढेच. हौदात निवळणे आणि फडक्यातून गाळणे या दोन जुन्याच क्रिया ते करते, फक्त शेकडो किंवा हजारो पटींच्या ओढीखाली.

आकडे घेऊन पाहू. ४८ इंच व्यासाची बास्केट, म्हणजे असे भोकांचे भांडे, मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर तिच्या भिंतीवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६८० पट ओढ पडते. बास्केटच्या कडेचा वेग तेव्हा ताशी २३० किलोमीटर असतो. फेरे दुप्पट केले तर ओढ चौपट होते, व्यास दुप्पट केला तर मात्र दुप्पटच. म्हणजे फेरे वाढवणे फायद्याचे. पण बास्केटच्या पोलादावरचा ताण कडेच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे चढत जातो आणि पोलादाला मर्यादा आहे. म्हणून मोठ्या बास्केटी सावकाश फिरतात आणि अतिवेगाने फिरणारी भांडी अरुंद असतात. जगातले कुठलेही सेंट्रिफ्यूज पाहिले तरी त्याच्या आकारामागे हीच तडजोड सापडते.

कल्याणच्या आसपास हे यंत्र जितक्या तऱ्हांनी भेटते तितके फार थोड्या ठिकाणी भेटत असेल. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची, सुरुवात झाली आणि पाठोपाठ डोंबिवलीतही औद्योगिक वसाहत उभी राहिली. तिथे औषधांची मूळ रसायने, रंग आणि रंगांची मध्यस्थ रसायने बनवणारे छोटे-मोठे कारखाने आले. उल्हासनगरात जीन्स धुण्या-रंगवण्याचा धंदा वाढला. शहाडला आणि आंबिवलीजवळ मोहन्याला रेयॉनच्या गिरण्या आल्या. टिटवाळा हे या पट्ट्याच्या शेवटाकडचे स्टेशन. महागणपतीसाठी ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण रोज सकाळी तिथून लोकल पकडून शिफ्टला जाणाऱ्यांचेही ते गाव आहे. त्यांच्यापैकी कितीतरी जणांचा या फिरत्या बास्केटशी रोजचा संबंध येतो.

डोंबिवलीतल्या एखाद्या औषध कारखान्यात सेंट्रिफ्यूजपाशी उभे राहिले तर काय दिसते? वरच्या मजल्यावर रिअ‍ॅक्टर असतो. त्यात गरम द्रव हळूहळू थंड केला जातो आणि विरघळलेला पदार्थ स्फटिकांच्या रूपाने बाहेर येतो. ही दाट, दुधाळ स्लरी नळीवाटे खाली सेंट्रिफ्यूजमध्ये सोडतात. बास्केटच्या आत पॉलिप्रॉपिलीनच्या कापडाची बॅग नीट ताणून बसवलेली असते. तिची एक घडी राहिली तरी माल तिथून निसटतो. बास्केट आधी कमी वेगाने फिरवतात, म्हणजे स्लरी चहूबाजूंना सारखी पसरते. ऑपरेटर व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडतो. बाहेर पडणाऱ्या द्रवाला सगळे ‘एमएल’, म्हणजे मदर लिकर, म्हणतात. त्याच्या नळीला काचेची खिडकी असते. तीत आधी भरभरून धार दिसते, मग ती बारीक होते आणि थेंबांवर येते. तेवढ्यात ताजे, थंड सॉल्व्हंट फवारून कापडावर साचलेला स्फटिकांचा थर, म्हणजे केक, धुतात, कारण स्फटिकांच्या अंगाला चिकटलेल्या एमएलमध्येच अशुद्धी राहिलेली असते. खिडकीतला पिवळा किंवा तपकिरी रंग फिकट होत जातो. मग पूर्ण वेगाने फिरवणे, थांबवणे, झाकण उघडणे आणि केक काढणे. जुन्या पद्धतीच्या यंत्रात हेल्पर तो वरून, हाताने खरवडून काढतो. नव्या यंत्रात आतल्या पात्याने तो खाली पाडला जातो.

या कामात कान फार लागतो. दोनशे किलोचा केक ६८० पट ओढीखाली भिंतीवर सव्वाशे टनांहून अधिक भाराने रेटत असतो. तो चहूबाजूंनी सारखा असेल तोवर एका बाजूचा भार दुसरीकडच्या भाराने तोलला जातो. पण एका बाजूला किलोभर माल जास्त बसला तर तो किलो जवळपास पावणेसातशे किलोच्या जोराने यंत्राला आपल्याकडे खेचतो, आणि ही खेच सेकंदाला सोळा-सतरा वेळा दिशा फिरवते. यंत्र तीन किंवा चार पायांवर, स्प्रिंगांच्या आधाराने झुलते ठेवलेले असते ते यासाठीच. अनुभवी ऑपरेटरला आवाजात झालेला किंचित बदल ऐकू येतो आणि तो पुढची स्लरी थांबवतो. हे ज्ञान कुठल्या पुस्तिकेत लिहिलेले नसते. ज्याच्याजवळ ते आहे त्याची बदली करताना कारखान्याने दहा वेळा विचार करावा.

‘सेंट्रिफ्यूज चालत नाही’ अशी तक्रार कारखान्यांत नेहमी ऐकू येते. केक ओला राहतो, एमएल उतरत नाही, बॅग चोंदते. मोटर तपासतात, बेल्ट तपासतात, कापड बदलतात. दोष बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर असतो. रिअ‍ॅक्टर घाईने थंड केला की एकाच वेळी असंख्य स्फटिक जन्माला येतात आणि सगळेच बारीक राहतात. बारीक कणांच्या थरातून द्रव वाट काढतो तेव्हा त्याला होणारा अडथळा कणांच्या व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. स्फटिक निम्म्या आकाराचे झाले की अडथळा चौपट. सावकाश थंड केले, तयार स्फटिकांचे थोडे बी टाकले, ढवळण्याचा वेग आवरला, तर तेच यंत्र तोच माल निम्म्या वेळात कोरडा करून देते. वेगळे करण्याची क्रिया वेगळे करण्याच्या यंत्राच्या किती आधी सुरू होते, हे या विषयात शिरणाऱ्याने पहिल्यांदा शिकावे. मोठमोठी यंत्रे विकत घेऊनही ज्यांचा माल ओलाच राहतो, त्यांनी ही पायरी गाळलेली असते.

केक कोरडा ठणठणीत मात्र कधीच होत नाही. दोन स्फटिक जिथे टेकतात तिथल्या फटीत द्रव पृष्ठताणाने धरून ठेवलेला असतो. तो उष्णतेनेच जातो, म्हणून पुढे ड्रायर लागतो. किलोभर पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल, म्हणजे सुमारे ०.६३ युनिट ऊर्जा खर्च होते. तेच किलोभर पाणी फिरवून काढायला तिचा अगदी लहानसा अंश पुरतो. सेंट्रिफ्यूजमध्ये आणखी पाच मिनिटे दिली तर ड्रायरचा तास वाचू शकतो. ऊर्जेच्या बचतीचा इतका सोपा मार्ग कारखान्यात दुसरा क्वचितच असेल.

सुरक्षेचा विषय इथे टाळता येणार नाही, आणि टाळूही नये. डोंबिवलीने २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन तारखांना औद्योगिक वसाहतीतले भीषण स्फोट पाहिले आहेत. रसायनांच्या कारखान्यातले प्रत्येक यंत्र तिथे लोक वेगळ्या नजरेने पाहतात. सेंट्रिफ्यूजमधला धोका दुहेरी आहे. एक म्हणजे वेगाचा. फॅक्टरीज अ‍ॅक्ट, १९४८ च्या कलम ३० मध्ये फिरणारी भांडी, पिंजरे आणि बास्केटी यांचा कडेचा वेग सुरक्षित मर्यादेपलीकडे जाऊ नये यासाठी उपाय करण्याचे बंधन घातले होते. बास्केट पूर्ण थांबल्याखेरीज झाकण उघडू नये म्हणून इंटरलॉक असतो, आणि तो तारेने बांधून निकामी करणे म्हणजे हेल्परचा हात पणाला लावणे. दुसरा धोका डोळ्यांना न दिसणारा. टोल्युईन, अ‍ॅसिटोन, मिथेनॉल यांसारख्या सॉल्व्हंटची वाफ बास्केटभोवती साचते. वेगाने फिरणारे प्लॅस्टिकचे कापड आणि त्यातून धावणारा द्रव स्थिर विजेचा भार निर्माण करतात. ठिणगीला आणखी काय हवे? म्हणून झाकण बंद करून आत नायट्रोजन भरतात, प्राणवायूचे प्रमाण ठरावीक मर्यादेखाली आल्यावरच यंत्र सुरू करतात, प्रत्येक धातूचा भाग अर्थिंगने जोडतात आणि केक खरवडायला ठिणगी न पाडणारी हत्यारे वापरतात. यातली एकही गोष्ट महाग नाही. घाईच्या दिवशी वगळली जाते ती नायट्रोजनची दहा मिनिटे.

उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांत हेच यंत्र ‘हायड्रो’ या नावाने ओळखले जाते. तिथे स्फटिक नाहीत, कापडच घन पदार्थ. धुऊन काढलेल्या पॅण्टी बास्केटमध्ये कडेने रचायच्या आणि पाणी झटकून टाकायचे. घरच्या वॉशिंग मशीनमधला ड्रायरही याच जातीचा : ४० सेंटिमीटर व्यासाचा डबा मिनिटाला ७०० फेरे घेत असेल तर ओढ सुमारे ११० पट होते.

खरी नवलाची गोष्ट शहाडला आहे. तिथली सेंच्युरी रेयॉन गेली अनेक दशके व्हिस्कोस रेयॉनचा अखंड धागा बनवते. लाकडाच्या लगद्यातला सेल्युलोज कॉस्टिक सोड्यात मुरवायचा, कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करायची आणि मधासारखा दाट नारिंगी द्रव तयार करायचा, ही रीत इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी १८९२ साली शोधली. तो द्रव अतिसूक्ष्म छिद्रांतून सल्फ्युरिक आम्लाच्या हौदात सोडला की त्याचे तंतू होतात. पण हा ओला, आम्लाने निथळणारा, तुटायला टेकलेला धागा गुंडाळायचा कसा? १९०० साली चार्ल्स टॉपहॅम याने उत्तर शोधले. धागा एका काचेच्या नरसाळ्यातून खाली सोडायचा आणि खाली एक लहानसे भांडे गरगर फिरवत ठेवायचे.

या भांड्याला पॉट म्हणतात. त्याचा व्यास जेमतेम वीतभर, फेरे मिनिटाला आठ हजारांच्या घरात. त्याच्या भिंतीवरची ओढ गुरुत्वाकर्षणाच्या पाच हजार पटींहून अधिक होते. धागा आत पडताच भिंतीकडे फेकला जातो आणि नरसाळे वरखाली होत असल्यामुळे थरावर थर बसत जातो. त्याच वेळी धाग्यातले आम्ल पॉटच्या छिद्रांतून बाहेर उडते. पॉट फिरतोच आहे, त्यामुळे धाग्याला पीळही आपोआप पडतो. मिनिटाला ८० मीटर धागा उतरत असेल आणि पॉट ८००० फेरे घेत असेल तर दर मीटरला १०० पीळ. गुंडाळणे, पीळ देणे आणि द्रव काढून टाकणे ही तीन कामे एकाच फिरत्या भांड्यात एकाच क्षणी होतात. पॉट भरला की आतून मऊ धाग्याची पोकळ वडी निघते. तिलाही केकच म्हणतात. पुढे तो केक धुतात, वाळवतात आणि मगच तो धागा साड्यांच्या, अस्तरांच्या, भरतकामाच्या बाजारात जातो. अशी शेकडो भांडी ओळीने फिरताना ज्याने पाहिली असतील, त्याला सेंट्रिफ्यूज हे निव्वळ गाळणीचे यंत्र कधीच वाटणार नाही. मोहन्याची नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, परिसरातल्या सगळ्यांची ‘एनआरसी’, २००९ साली बंद पडली. तिच्या कामगारांची देणी हा कल्याण परिसरातला पुढे वर्षानुवर्षे चिघळलेला प्रश्न झाला. धागा कातणाऱ्या हातांचे कसब त्या फाटकाआड अडकून पडले, याची हळहळ वाटते.

महाराष्ट्रात या यंत्राचा सर्वांत मोठा संसार मात्र साखरेचा आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साथीने लोणीला, आजच्या प्रवरानगरात, सहकारी साखर कारखाना उभारला आणि १९५० च्या डिसेंबरअखेरीस त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. उसाचा रस तापवून, स्वच्छ करून, आटवून पॅनमध्ये स्फटिक धरले की जे दाट, काळपट तपकिरी मिश्रण मिळते ते मॅस्क्विट. त्यात साधारण निम्मे साखरेचे स्फटिक असतात आणि बाकीची मळी. इथपर्यंत गूळ आणि साखर यांचा प्रवास फार वेगळा नाही. कोल्हापूरच्या गुऱ्हाळात स्फटिक आणि पाक एकत्रच गोठवतात, त्याचा गूळ होतो. कारखान्यात ते एकमेकांपासून तोडतात, तेव्हा साखर होते. मधला फरक सेंट्रिफ्यूजचा.

हे यंत्र येण्याआधी जगभर साखरेची मळी निथळवण्यासाठी मिश्रण शंकूच्या आकाराच्या मातीच्या भांड्यांत भरत, वर ओल्या चिकणमातीचा थर देत आणि आठवडेच्या आठवडे वाट बघत. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाई बेटांवर डेव्हिड वेस्टन याने साखरेसाठी सेंट्रिफ्यूज वापरात आणले आणि आठवड्यांचे काम मिनिटांवर आले. आज कारखान्यात मॅस्क्विट बास्केटमध्ये पडते तेव्हा भिंत काळी दिसते. वेग चढतो तशी ती तपकिरी होते, मग मधाच्या रंगाची. गरम पाण्याचा फवारा मारला की काही सेकंदांत पांढरी. पाते आत येते, साखर खाली पडते, आणि पुढचे मॅस्क्विट येते. एक फेरी दोन-तीन मिनिटांची. कारखाना दाखवायला आलेल्या शाळेच्या मुलांना इथून हलवणे कठीण जाते, ते उगाच नाही.

निघालेल्या मळीत अजून साखर असते, म्हणून ती पुन्हा उकळून दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा स्फटिक धरतात. शेवटची मळी आसवनीला जाते. २०१८ साली केंद्र सरकारने बी-हेवी मळीपासून बनवलेल्या इथेनॉलला वेगळा दर ठरवून दिला, तेव्हा कारखान्यांपुढे नवा पर्याय आला : तिसऱ्या सेंट्रिफ्यूजपर्यंत जाऊन साखरेचा शेवटचा कण काढायचा, की दुसऱ्यापाशीच थांबून साखर असलेली मळी इथेनॉलला द्यायची. ऊस उत्पादकाच्या बिलाचा हिशेब आता या निर्णयाशी जोडलेला आहे.

पुण्याच्या दापोडीत अल्फा लाव्हाल कंपनीचे नाव मुंबई-पुणे रस्त्यावरून जाणाऱ्या पिढ्यांनी वाचले आहे. तिचा मूळ पुरुष गुस्ताफ दे लाव्हाल हा स्वीडिश अभियंता, ज्याने १८७८ साली दुधातून साय वेगळी करणारे, अखंड चालणारे यंत्र बनवले. त्याच घराण्यातून पुढे भोके नसलेली, निवळण्याच्या तत्त्वावर चालणारी भांडी विकसित होत गेली. त्यांतला डिकँटर शहरांच्या फार उपयोगाचा आहे. आडव्या, लांबट नळकांड्यात एक मळसूत्र थोड्या वेगळ्या वेगाने फिरते. गाळ भिंतीवर बसतो, मळसूत्र त्याला निमुळत्या टोकाकडे ढकलत नेते, पाणी दुसऱ्या टोकाने वाहून जाते. यंत्र थांबवावे लागत नाही.

सांडपाण्याच्या केंद्रातून निघणाऱ्या १०० किलो गाळात तीन किलोच घन पदार्थ असतात, बाकी ९७ किलो पाणी. योग्य पॉलिमर मिसळून डिकँटरमधून काढल्यावर घन पदार्थांचे प्रमाण २० टक्क्यांवर आले तर त्या १०० किलोंचे वजन १५ किलो उरते. ट्रकच्या सात फेऱ्यांऐवजी एक. टिटवाळ्याच्या आसपास माळरानावर इमारती उभ्या राहत आहेत, आणि प्रत्येक नव्या इमारतीबरोबर असा गाळ वाढणारच आहे. तो कुठे आणि किती ओला नेला जातो, हा नगरसेवकाला विचारण्यासारखा प्रश्न आहे.

आता या प्रस्तावनेचा मुख्य मुद्दा. सेंट्रिफ्यूज एकाच वेळी दोन वस्तू बाहेर देते. कारखान्याचे डोळे कापडावरच्या केककडे लागलेले असतात, कारण पैसा तिथे आहे. खालच्या नळीतून गेलेल्या द्रवाकडे बघायला कुणाला फुरसत नसते. पण त्या एमएलमध्ये सॉल्व्हंट असते, क्षार असतात, अर्धवट झालेल्या प्रक्रियेतली अशुद्धी असते आणि विरघळून राहिलेला थोडा मालही असतो. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास नदीच्या प्रदूषणाबद्दल इथल्या सामाईक सांडपाणी केंद्रांसह संबंधित यंत्रणांना मोठा आर्थिक दंड ठोठावला. २०२० च्या फेब्रुवारीत डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला एक रस्ता गुलाबी झाला आणि तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पाहणीला आले. अशा बातम्या आल्या की चर्चा नाल्यांची आणि टँकरची होते. ती सेंट्रिफ्यूजपाशी व्हायला हवी, कारण माल आणि सांडपाणी यांची ताटातूट तिथे होते. केक आणखी एका थंड धुण्याने स्वच्छ केला तर एमएल वाढते, धुणे टाळले तर औषध अशुद्ध राहते. किती सॉल्व्हंटने, किती वेळा, कुठल्या तापमानाला धुवायचे हे ठरवणारा माणूस नदीचेही काही ठरवत असतो.

चांगले कारखाने एमएल साठवतात, ऊर्ध्वपातनाने त्यातले सॉल्व्हंट परत मिळवतात आणि पुन्हा वापरतात. उरलेले खारट पाणी मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटरमध्ये आटवतात. आटून आटून त्यात मिठाचे स्फटिक पडू लागतात, आणि ते वेगळे काढायला पुन्हा सेंट्रिफ्यूजच लागते, बहुधा पुशर जातीचे, ज्यात केक थोडा थोडा पुढे ढकलला जाऊन अखंड बाहेर पडतो. हे मीठ विकता येत नाही. ठाणे-रायगड पट्ट्यातले असे मीठ पिशव्यांत भरून तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात पाठवतात. तिथे वजनावर पैसे मोजावे लागतात आणि मिठात राहिलेले पाणीही वजनात धरले जाते. उत्पादनाच्या बास्केटवर सर्वांत हुशार ऑपरेटर आणि मिठाच्या पुशरवर कालच आलेला हेल्पर, अशी वाटणी अनेक ठिकाणी असते. ती बदलली तर तळोज्याला जाणारे ट्रक कमी होतील. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही, शिफ्टच्या वाटपाचा कागद नव्याने लिहावा लागतो.